मे महिन्यात अकोल्याहून गुहागर: घाट उतरण्याआधी ब्रेकचे नेमके काय पाहावे?

मुसाफिर_अकोला | १४ एप्रिल, सकाळी १०.१०

सर्व सभासदांना नमस्कार. मेच्या पहिल्या आठवड्यात सहकुटुंब गुहागरला जायचे ठरले आहे. समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगर, तेथून पुणे, एक मुक्काम महाबळेश्वरला आणि मग आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून चिपळूणमार्गे गुहागर, असा बेत आहे. परतताना कुंभार्ली घाट चढून कराडला यायचे आहे. गाडी पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक असून चार वर्षांची आहे, पंचेचाळीस हजार किलोमीटर झाले आहेत आणि पाच माणसे व सामान असा भार असेल.

येथील गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा पुढचे पॅड, ते ज्यांना घासून गाडी थांबवतात त्या पुढच्या दोन्ही डिस्क आणि मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर असे सगळेच बदलावे, उन्हाळ्यात घाटात ब्रेक तापतात, असे सांगण्यात आले. ब्रेक दाबल्यावर मला तरी काही उणे जाणवत नाही. आमच्याकडे रस्ता सरळ आणि सपाट, त्यामुळे घाटाचा अनुभव जवळजवळ नाही. एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का, आणि प्रवासात कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे.

घाटवाट | १४ एप्रिल, सकाळी ११.३५

पॅड किती मिलिमीटर उरले आहेत, हे त्यांनी मोजून सांगितले का? नवा पॅड साधारण दहा ते बारा मिलिमीटरचा असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलतात. डिस्कवर किंवा तिच्या मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजमाप न करता ‘सगळे बदला’ म्हणणाऱ्याला आधी चाक काढून दाखवायला सांगावे. एक प्रश्न मात्र आपण विचारलेलाच नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले?

मुसाफिर_अकोला | १४ एप्रिल, दुपारी १२.०५

सर्व्हिसच्या पावत्या चाळल्या. ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद एकाही पावतीवर नाही. एका ठिकाणी ‘टॉप अप’ एवढेच लिहिले आहे.

अभियंता_तळेगाव | १४ एप्रिल, रात्री ९.२०

घाटवाट यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतले ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथरवर आधारलेले असते आणि ते हवेतली ओल शोषून घेते. नव्या, कोरड्या डॉट ३ (‘डॉट’ ही ब्रेक ऑइलची प्रतवारी) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो आणि डॉट ४ चा किमान २३० अंश. तेच ऑइल सुमारे ३.७ टक्के पाणी शोषून बसले की या किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येतात. म्हणजे ऑइल डब्यात काठोकाठ दिसत असले, तरी त्याची उष्णता सोसण्याची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटलेली असू शकते. ते कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या भागात, उकळले की वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही.

आता घाटाचा हिशेब पाहा. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर अगदी पायथ्याला, म्हणजे उतार सुमारे १,३०० मीटरचा धरू. माणसे आणि सामानासह १,४०० किलोंची गाडी एवढी उतरते, तेव्हा जवळजवळ १.८ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. एवढ्या उष्णतेत साठेक लिटर गार पाणी उकळीला येईल. यातला काही वाटा वारा आणि टायरचे घर्षण खाते. उरलेला इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे चालकाच्या हातात, किंबहुना गिअरच्या दांड्यावर असते.

फक्त_वाचक | १४ एप्रिल, रात्री ९.४५

साठ लिटर पाणी म्हणजे चार जणांच्या आंघोळीची सोय झाली. महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्यांना हा हिशेब कळता कामा नये.

काटकसरी | १५ एप्रिल, सकाळी ७.३०

चर्चा चांगली चालली आहे, परंतु आपण सारे घाटाची भीती अकारण वाढवत आहोत असे वाटते. मी वर्षानुवर्षे ताम्हिणी आणि वरंध उतरत आलो आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकतो आणि ब्रेकवर हलका पाय ठेवून निवांत खाली येतो. पेट्रोल वाचते आणि इंजिनालाही विश्रांती मिळते. आजवर काही झालेले नाही.

निवृत्त_चालक | १५ एप्रिल, सकाळी ८.१५

काटकसरी, आपण वयाने लहान असाल असे धरून स्पष्ट लिहितो. मी एसटीत चालक होतो आणि नोकरीचा बराचसा काळ कोकणच्या फेऱ्यांवर गेला. ‘ज्या गिअरने घाट चढतोस, त्याच गिअरने उतर’ हे आमच्याकडे नवख्या चालकाला पहिल्या दिवशी सांगितले जाई. गिअर टाकायचा तो उतार सुरू होण्याआधी. निम्म्या उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी मोकळीच सुटते. जड वाहनाचे ब्रेक हवेवर चालतात आणि पुन्हापुन्हा पेडल मारले की टाकीतली हवा संपत जाते, म्हणून आमचा सारा भर इंजिनावर आणि एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक) असे. आपल्या छोट्या गाडीत हवा नाही, ऑइल आहे, पण उताराचा नियम तोच. आजवर काही झाले नाही हे आपले सुदैव, त्याचा नियम करू नये.

अभियंता_तळेगाव | १५ एप्रिल, सकाळी १०.००

काकांच्या म्हणण्याला दुजोरा देऊन पेट्रोलच्या बचतीविषयी लिहितो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला, की इंजिनाला जाणारे इंधन बंद केले जाते, कारण चाकेच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. काटकसरी यांनी इतकी वर्षे घाटात बचत केली नसून किंचित जास्तच पेट्रोल जाळले आहे.

इंजिन बंद करून उतरणारेही काही महाभाग भेटतात. तसे केले की दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखे होते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते.

काटकसरी | १५ एप्रिल, सकाळी १०.४०

इंधनाची गोष्ट मला नवी आहे. न्यूट्रलचा हट्ट सोडतो, पण पाय हलका ठेवण्यात काय गैर आहे? जोराने दाबण्यापेक्षा हलके दाबणे बरे नाही का?

सह्यकन्या | १५ एप्रिल, दुपारी १.२५

हलका पाय सतत ठेवला की पॅडला डिस्कपासून सुटायला आणि डिस्कला गार व्हायला क्षणभरही उसंत मिळत नाही. मला शिकवले गेले ते असे: खालच्या गिअरमध्येही वेग वाढू लागला, की वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर ठामपणे ब्रेक दाबून वेग हवा त्याहून थोडा खाली आणायचा, मग पाय पूर्ण काढायचा आणि वेग पुन्हा वाढेपर्यंत तो काढलेलाच ठेवायचा. वळणात शिरल्यावर जोरात ब्रेक मारायचा नाही.

माझी गाडी एएमटी, म्हणजे क्लचशिवाय गिअर आपोआप बदलणारी आहे. अशा गाड्यांत दोन पेडले पाहून लोकांना वाटते की घाटातही गाडी सगळे आपोआप करील. ‘डी’मध्ये ठेवली तर ती उतारावर वरचा गिअर घेऊ शकते आणि मग सारा भार ब्रेकवर येतो. घाट सुरू होण्याआधी मॅन्युअल मोडमध्ये घालून दुसरा गिअर ठेवावा, जेथे उतार सौम्य आहे तेथे तिसरा. इंजिनाचा आवाज वाढतो आणि मागे बसलेल्या सासूबाई ‘अगं, गाडी ओरडतेय’ म्हणून घाबरतात, पण काटा तांबड्या पट्ट्यात जात नसेल, तर त्या आवाजाने इंजिनाचे काही बिघडत नाही. सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्या नसलेली ऑटोमॅटिक) असेल तर ‘एल’ किंवा ‘एस’ वापरावा.

आणखी एक, जे कोणत्याही तपासणीत येत नाही: चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली ठेवू नये. उतारावर ती गडगडत पुढे येते आणि पेडलखाली अडकते. जागचे सरकणारे मॅटसुद्धा तितकेच धोक्याचे.

गॅरेजवाला_चिपळूण | १५ एप्रिल, रात्री १०.३०

दिवसभर कामात होतो, म्हणून उशिरा लिहीत आहे. मे महिन्यात कुंभार्ली उतरून आलेल्या आणि ब्रेकचा जळका वास येणाऱ्या गाड्या माझ्याकडे नेहमीच येतात, तेव्हा काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

मुसाफिर यांच्या पावतीवरचा ‘टॉप अप’ मला खटकला. पॅड झिजतात तसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि डब्यातली पातळी आपोआप थोडी खाली जाते. ही गळती नव्हे. अशा वेळी पॅड न पाहता ऑइल भरून दिले, तर पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलल्यावर तेच ऑइल डब्यातून वर येते आणि गाडीच्या रंगावर पडले तर रंग उचलते. पातळी खाली गेली असेल तर आधी पॅड पाहावेत, मग चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते पाहावे आणि शेवटी डब्याचे झाकण उघडावे.

ऑइल बदलणे म्हणजे डब्यातले काढून नवे ओतणे नव्हे. चारही चाकांच्या ऑइल बाहेर सोडण्याच्या निपलला पारदर्शक नळी लावून, तिचे दुसरे टोक बाटलीत सोडून जुने ऑइल बाहेर काढावे लागते. आधी काळपट चहाच्या रंगाचे येते, मध्ये बुडबुडे दिसतात आणि मग मधासारखे स्वच्छ येऊ लागते, तेव्हा ते चाक झाले असे समजायचे. नव्या ऑइलचा डबा सीलबंद असावा आणि आपल्यासमोर फोडायला सांगा, कारण उघडा राहिलेला डबा कपाटातही ओल शोषत असतो. एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांत नळ्यांत अडकलेली हवा काढण्यासाठी स्कॅनर जोडावा लागतो, ते आधी विचारून घ्या. या कामाला पॅड आणि डिस्क मिळून येणाऱ्या खर्चाच्या मानाने फारच थोडे पैसे लागतात. कदाचित म्हणूनच ते कोणी सुचवत नसावे.

विजेरी | १६ एप्रिल, सकाळी ९.०५

ऑइल डॉट ४ ऐवजी डॉट ५ घातले तर आणखी सुरक्षित होईल का? आकडा मोठा आहे म्हणून विचारले.

अभियंता_तळेगाव | १६ एप्रिल, सकाळी ९.५०

कदापि घालू नये. डॉट ५ हे सिलिकोनवर आधारलेले वेगळ्याच जातीचे ऑइल आहे आणि ते ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ हे डॉट ४ च्याच कुळातले असून त्याच्या मर्यादा २६० आणि १८० अंशांच्या आहेत. तरीही डब्याच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे, तेच घालावे. नवे डॉट ४ हे जुन्या, ओल्या झालेल्या डॉट ५.१ पेक्षा केव्हाही चांगले.

घाटवाट | १६ एप्रिल, सकाळी ११.१५

मूळ प्रश्नात ‘उन्हाळ्यात ब्रेक तापतात’ असे गॅरेजने सांगितल्याचे लिहिले आहे. मला हे कारण पटत नाही. लांब उतारावर डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते. बाहेर २५ अंश असोत की ४२, तेवढ्या तापमानात पंधरा-सतरा अंशांनी काय फरक पडणार? उन्हाळा काळजीचा खरा तो टायरसाठी, विशेषतः समृद्धीसारख्या रस्त्यावर तासन्‌तास वेगाने जाताना. ब्रेकच्या बाबतीत उन्हाला उगाच दोष दिला जातो.

गॅरेजवाला_चिपळूण | १६ एप्रिल, दुपारी ४.००

आपला तर्क बरोबर आहे, पण माझ्या दारात गाड्या मेमध्ये येतात, हेही खरे आहे. माझा अंदाज असा की सुट्टीत गाडी भरलेली असते, टपावरही सामान असते, चालक सपाटीवरचा असतो आणि ऑइल मागच्या पावसाळ्यांची ओल पोटात घेऊन आलेले असते. एरवी शहरात त्या ऑइलची परीक्षाच होत नाही. परत जाताना आंब्याच्या पेट्या चढतात तो भार वेगळा, पण तेव्हा घाट चढायचा असतो.

निवृत्त_चालक | १६ एप्रिल, सायंकाळी ६.३०

मुसाफिर, आपल्या मार्गाबद्दल एक सांगतो. समृद्धीवर आपल्या पायाला ब्रेकची गरज क्वचितच पडेल आणि वेगाची सवय होईल. त्यानंतर महाबळेश्वरच्या वाटेवर पसरणी घाटाचा चढ आणि दुसऱ्या दिवशी लगेच आंबेनळीचा उतार. महाबळेश्वरहून न्याहारी उरकून उजेडात निघा. वाटेत प्रतापगडाच्या फाट्याला थांबणे झाले तरी तेथून निघताना पुन्हा खालचा गिअरच धरा. अरुंद जागी समोरून गाडी चढत असेल, तर उतरणाऱ्याने थांबून तिला आधी वाट द्यावी. मागून कोणी घाई करत असेल, तर रुंद जागा पाहून त्याला पुढे जाऊ द्यावे. खाली पोलादपूरनंतर कशेडीचा बोगदा झाल्यामुळे तो जुना घाट आता टाळता येतो.

डेन्व्हरवासी | १७ एप्रिल, सकाळी ६.४५

येथे कोलोरॅडोत पाइक्स पीक नावाचे १४,११५ फूट उंचीचे शिखर आहे आणि माथ्यापर्यंत गाडीरस्ता जातो. उतरताना ग्लेन कोव्ह येथे कर्मचारी प्रत्येक गाडी थांबवून ब्रेकचे तापमान यंत्राने मोजतात आणि ते ठरलेल्या मर्यादेहून जास्त असेल, तर ब्रेक गार होईपर्यंत गाडीला बाजूला उभे करतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी तेथे नेतो, तेव्हा ‘गाडीलाही ताप मोजतात का?’ हा प्रश्न ठरलेला. आपल्या घाटांत निदान सुट्टीच्या दिवसांत असे काही करता आले, तर बरे होईल.

फक्त_वाचक | १७ एप्रिल, सकाळी ८.२०

आपल्याकडे त्या ठिकाणी तत्काळ भज्यांची गाडी लागेल आणि ब्रेक गार होईपर्यंत सर्वांची सोय होईल. सूचना एकंदर व्यवहार्य आहे.

सह्यकन्या | १७ एप्रिल, सकाळी ९.००

तापमान मोजणारे कोणी नसले, तरी थांबल्यावर पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळवा न टेकवता धरून पाहावा. दोन्हीकडे सारखीच धग लागली तर ठीक. एकच चाक जास्त तापले असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर अडकत आहे असे समजावे. तापलेल्या चाकावर बाटलीतले पाणी ओतण्याचा मोह मात्र टाळावा, डिस्क वाकडी होऊ शकते किंवा तडकू शकते.

अभियंता_तळेगाव | १७ एप्रिल, सकाळी १०.३०

त्यात एक भर घालतो, कारण हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. उतारावरून येऊन गाडी एकदम उभी केली, की वारा लागणे बंद होते आणि डिस्कमधली उष्णता कॅलिपरमध्ये, तेथून ऑइलमध्ये शिरत राहते. त्यामुळे ऑइल थांबल्यानंतर काही मिनिटांनी सर्वांत जास्त तापलेले असू शकते. चहा पिऊन निघताना पेडल मऊ लागते ते यामुळे. म्हणून घाट संपल्यावर शक्यतो एक-दोन किलोमीटर सपाटीवर सावकाश चालवून मग थांबावे, आणि कोठेही थांबलात तरी पुन्हा उतार धरण्याआधी उभ्या गाडीत पेडल दाबून पाहावे. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरत आहेत. पेडलच खाली जात आहे, तर ऑइल उकळले आहे. पहिल्या प्रकारात गार होऊ देऊन सावकाश पुढे जाता येते. दुसऱ्या प्रकारात ऑइल बदलल्याशिवाय घाट उतरू नये.

विजेरी | १७ एप्रिल, दुपारी २.१०

विजेच्या गाडीवाल्यांसाठी एक सूचना. उतारावर मोटरच गाडी रोखते आणि बॅटरी भरते, त्यामुळे ब्रेक फारसे लागत नाहीत. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि मोटरचे रोखणे कमी होते किंवा थांबते. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर शंभर टक्के चार्ज करून लगेच आंबेनळी उतरू नये, ऐंशीच्या आसपास थांबावे. शिवाय अशा गाडीचे ब्रेक कमी वापरले जातात म्हणून कोकणच्या दमट हवेत डिस्क गंजते, तेव्हा अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक नीट दाबून घ्यावेत.

मुसाफिर_अकोला | २२ एप्रिल, रात्री ८.५०

सर्वांचे मनापासून आभार. आज दुसऱ्या एका फिटरकडे समोर उभे राहून चारही चाके काढून घेतली. जे दिसले ते लिहितो.

उजव्या चाकाचे दोन्ही पॅड सहा मिलिमीटर आहेत. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड सहा, पण आतला जेमतेम तीन निघाला. त्या कॅलिपरची एक सरकपिन (जिच्यावर कॅलिपर मागेपुढे सरकतो ती) गंजून अडकली होती आणि हाताने हलत नव्हती. तेव्हा पुढचे पॅड बदलावे लागले, म्हणजे पहिले गॅरेज त्या बाबतीत चुकीचे नव्हते. डिस्क किमान जाडीच्या बऱ्याच वर आहेत आणि मागचे लायनर व्यवस्थित आहेत, म्हणून ते तसेच ठेवले. ब्रेक ऑइल बदलले. नळीतून सुरुवातीला आले ते खरोखर काळपट होते. पेडल आता पूर्वीपेक्षा वर आणि कडक लागते.

दोन शंका उरल्या आहेत. नवे पॅड घालून लगेच घाटात जावे का? आणि घाटात प्रत्यक्ष ब्रेक गेलेच तर काय करावे?

गॅरेजवाला_चिपळूण | २२ एप्रिल, रात्री १०.१५

पिनला रबराला चालणारे सिलिकोनचे ग्रीस लावले ना, ते विचारून घ्या. साधे ग्रीस लावले तर रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. नवे पॅड डिस्कवर बसायला काही दिवस साधे चालवावे लागते. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून गाडी पूर्ण न थांबवता बऱ्याचदा हळू करावी आणि मध्ये ब्रेक गार होऊ द्यावेत. आपल्याकडे अजून आठवडा आहे, तेवढा पुरेल.

निवृत्त_चालक | २३ एप्रिल, सकाळी ७.४०

दुसऱ्या शंकेचे उत्तर. चावी बंद करायची नाही. पेडल भराभर मारत राहायचे, कधीकधी दाब परत येतो. त्याच वेळी एकेक करून खालचा गिअर टाकायचा. हँडब्रेक हळूहळू ओढायचा आणि त्याचे बटण दाबूनच ठेवायचे, म्हणजे चाके आवळून गाडी आडवी होऊ लागली तर लगेच सैल सोडता येतो. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवायचे. तरीही थांबत नसेल तर दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला चारीत चाके घालायची किंवा कडेच्या मातीत घासायची.

सह्यकन्या | २३ एप्रिल, सकाळी ९.१०

काका, नव्या गाड्यांत ओढायचा हँडब्रेकच नसतो, एक छोटे बटण असते. अशा बहुतेक गाड्यांत चालत्या गाडीत ते बटण ओढून धरून ठेवले की आणीबाणीचा ब्रेक लागतो आणि सोडले की सुटतो. पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असू शकते, म्हणून पुस्तिकेतले ते पान निघण्याआधी वाचून ठेवावे.

निवृत्त_चालक | २३ एप्रिल, सकाळी ९.३०

हे मला ठाऊक नव्हते. मुलाची नवी गाडी अशीच आहे. आजच संध्याकाळी त्याला पुस्तिका काढायला लावतो.